जर्मन मुराळी

“बाजूला व्हा! अय पोरांनो, बाजूला व्हा! गाडीत कुणी न्हाई!”

ओरडत होते ते आबा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले. त्यांचा आवाज असा, की तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात त्यांनी म्हशीला हाक मारली तर न्हावऱ्याच्या म्हशी मान वर करायच्या. वेशीपासून आमच्या दारापर्यंत सरळ उतार होता आणि त्या उतारावरून एक काळीभोर जर्मन गाडी खाली येत होती. इंजिन बंद, आत चिटपाखरू नाही, बोनेटवरची चांदणी उन्हात चमकते आहे, आणि चाल अशी दमाची की सून नव्हे, सासूच यावी घरी. कोंबड्या ज्या उडाल्या त्यांतल्या काही पुन्हा दिसल्याच नाहीत. शिक्रापूरकडं स्थायिक झाल्या असाव्यात. वर वेशीत माझा किसनमामा हात जोडून उभा होता. हात देवाला जोडले होते की गाडीला, हे इतक्या लांबून कळत नव्हतं. माझे वडील, म्हणजे दादा, आपल्या जीपपुढं हात पसरून उभे राहिले होते आणि बोंबलत होते, “माझ्या जीपला लागली तर बगा! माझ्या जीपला लागली तर!” मी त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात जाणारी, रस्त्याच्या मधोमध उभी होते, पण माझ्याबद्दल त्यांनी काही म्हटल्याचं आठवत नाही. आणि माझी आई ओट्यावर, इरकली नेसून, हातात पिशवी घेऊन, जणू रोजच अशी बिनमाणसाची गाडी तिला न्यायला येते अशा चेहऱ्यानं उभी होती.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी आमचं घर सांगायला पाहिजे. आमच्या घरात माणसांपेक्षा जीपचा थाट मोठा. शेती होती, पण दादा शेती करायचे ती जीपला डिझेल लागतं म्हणून. तळेगावच्या बाजाराला माणसं, मेथीच्या जुड्या, करडं, नवी नवरी, जे असेल ते जीपमध्ये भरायचं. जीपमध्ये माणसं किती बसतात, याचं उत्तर दादांनी आयुष्यात दिलं नाही. “अजून भरलीच कुठं?” एवढंच म्हणायचे. पहाटे जीप सुरू करायची वेळ आली की ती आधी खोकायची, मग शिंकायची, मग कुणालातरी शिवी दिल्यासारखा आवाज काढून गप्प बसायची. मग दादा तिचं बोनेट थोपटून, “चल माझी बाय, चल, असं करू नये,” म्हणून समजूत काढायचे. एवढं गोड बोलणं आईच्या वाट्याला कधी आलेलं मी ऐकलं नाही. आई तोवर चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत असायची. भाकरीची थाप आणि जीपचा खोकला यांच्यावर आमची आळी उठायची. कालवणाला लसणाबरोबर डिझेलचा वास असायचाच. आजही सुनेनं केलेल्या हुलग्याच्या माडग्यात काहीतरी कमी लागतं, आणि ते काय, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?

आईचं माहेर दौंड. किसनमामा तिथं रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. त्याची आणि तिकडच्या मिशनच्या दवाखान्यातल्या एका परदेशी डॉक्टरची दोस्ती जमली, आणि मायदेशी परतताना त्या डॉक्टरनं आपली जुनी गाडी मामाच्या हवाली केली. गाडीबरोबर कंपनीचा इतिहासही तोंडी देऊन गेला. मामानं गाडीपेक्षा इतिहासच जास्त चालवला. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. आता कारखान्यांना जमिनी गेल्यापासून आमच्याकडं घराघरापुढं तीच गाडी उभी असते, नाव लिहिलं की चार जण येतील, “आत्या, आमच्या गाडीवर लिव्हलंय म्हणं?” म्हणून. चांदणीवाली म्हणते, समजून घ्या.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मामा ती गाडी घेऊन आला आणि भर पंगतीत इतिहास सांगायला उभा राहिला. “ही गाडी ज्यानं काढली ना, तो इंजिनेर लई हुशार. पण भित्रा! गाडी तयार, आन् हा तिला लांब कुठं न्यायला धजंना. लोक काय म्हणतील! तवा त्याची बायको एक दिवस तांबडं फुटायला उठली, दोन पोरं घेतली, नवऱ्याला काय सांगितलं न्हाई, आन् गाडी घिऊन निघाली. कुठं निघाली सांगा?” मामानं सगळ्या मांडवावरून नजर फिरवली. “माहेरला!”

वाढपी बाया जागच्या जागी थांबल्या. जिलबी ताटावर अधांतरी राहिली. मामाला चेव चढला. वाटेत तेल संपलं तर तिनं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची टाचणी काढून साफ केली. चढ आला तर पोरांनी ढकललं. ब्रेक झिजला तर जोडे शिवणाऱ्याकडून चामडं ठोकून घेतलं. आणि दिवस मावळता आईच्या दारात हजर. तेव्हा कुठं जगाला कळलं की हे यंत्र लांबवर जातं. पुढं ती कंपनी दुसरीत मिळाली आणि गाडीला नाव पडलं तेही एका व्यापाऱ्याच्या लेकीचं, ते अजून चालू आहे. हा सगळा इतिहास खराच आहे, मी नंतर नातवाकडून मोबाइलवर तपासून घेतला. माझ्या आयुष्यात ऐकलेली ही एकच गोष्ट असेल जिला मीठ लावायची गरज पडली नाही. तेवढ्यात एका मावशीनं विचारलं, “आन् नवरा काय म्हणला?”

“नवरा?” मामा म्हणाला. “वाटंत काय काय बिघडलं त्ये त्यानं इचारून घेतलं, आन् दुरुस्त केलं.”

असा नवरा असू शकतो, ही बायकांना गाडीपेक्षा मोठी बातमी होती.

दादा ताटावरून उठले. “म्हंजी पयल्याच फेरीला नवऱ्याला न इचारता पळालेली गाडी! हिचा काय भरवसा?”

“दाजी, तुमची जीप कुटं पळती? तिला तर ढकलावं लागतंय.”

झालं. जीपचा अपमान झाला. भातावर वरण पडायच्या आत दोघांच्या शपथा झाल्या. दादा म्हणाले, किसन त्या गाडीत बसून माझ्या दारात आला तर मी त्याचा दाजी नव्हे. मामा म्हणाला, चाक सोडून पायी तुमच्या दारात आलो तर मी फिटर नव्हे. आणि गाडीची कीर्ती त्या दिवसापासून आमच्या पट्ट्यात अशी पसरली, की जर्मनीत तिनं काय नाव काढलं असेल ते सगळं पाठी पडलं. लोक तिला ‘माहेरची गाडी’ म्हणू लागले. पाणवठ्यावर बाया तिची खुशाली विचारायच्या. मांडवगण फराट्यात एका गड्यानं म्हणे बायकोच्या माहेराकडं तोंड करून बैलगाडीसुद्धा उभी करायची बंद केली.

यात अडकली आई. आमच्यात लेकीनं आपल्या पायानं उठून माहेरी जायचं नाही. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की पाय धुवायला पाणी, पुरणपोळीचं जेवण, निघताना टॉवेल-टोपीचा मान, आणि मग लेक त्याच्यामागं निघते. मुराळी नाही तर माहेर नाही. आईचा मुराळी एकच, किसनमामा. आणि तो गाडीशिवाय येणार नाही, आणि गाडीतून आलेला चालणार नाही. दिवाळ्या गेल्या, नागपंचम्या गेल्या. आईच्या भाकरीची थाप इतकी वाढली की शेजारी जात्याला टाकी लावताहेत असं लोकांना वाटायचं.

मग एका बाजारादिवशी दादांच्याच जीपमध्ये बसलेल्या दौंडच्या पॅसेंजरनं निरोप आणला. आप्पांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, मोतीबिंदू काढला होता. एक डोळा आधीच गेलेला, हा उरलेला एकच. डॉक्टर म्हणत होता पट्टी काढा, औषध घालू द्या, नाहीतर हाही जाईल. आप्पा म्हणत होते, नाही. पयली सुली बगीन, मग बाकीचं जग बगीन. सुली म्हणजे माझी आई, सुलोचना. हिरवी पट्टी बांधून आप्पा दोन्ही डोळ्यांनी अंधारात फिरत होते. एकदा तर शेजारच्या क्वार्टरमध्ये शिरून जेवून आले. आमटीला चव लागली तेव्हा त्यांना शंका आली की हे आपलं घर नाही.

निरोप ऐकला तेव्हा आई मेथी निवडत होती. तिनं जुडी खाली ठेवली, पदर खोचला आणि दादांकडं न बघता सरळ आबांपुढं जाऊन उभी राहिली. “आबा, मला दौंडला जायचंय. रीत काय हाय ती तुम्ही सांगा. तशी जाते.”

“मी कुठं आडवलंय?” दादा म्हणाले. “मुराळी यिऊ द्या की.”

आबांनी तंबाखू मळली. आबा तंबाखू मळायला लागले की गावातले तंटे थांबून बघत राहायचे. “माझ्या आईला न्यायला मांडवगणावनं घोडी आली व्हती,” ते म्हणाले. “नुसती घोडी. वर माणूस न्हाई. घरात कुणी गडी नव्हता, म्हनून मोकळी सोडली, ती वाट ओळखून आली. तिलाच मुराळी मानलं. हरभरं चारलं, कानावर टोपी घातली. तवा गाडी एकटी आली, तर चालतंय.”

“गाडी एकटी कशी यील, आबा?”

“उतार हाय की,” आबा म्हणाले.

असा तो प्रकार. दौंडला निरोप गेला, मामानं वेशीत येऊन गाडी उभी केली, उतरला, ब्रेक सोडला, आणि एक बोट लावलं. पुढचं मी सांगितलंच आहे. गाडी आमच्या दारात आली, कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून थांबली, जीपपासून हातभर अलीकडं. मग आबांनी घसा खाकरला. “पाव्हणं आलं. पाय धुवायला पाणी आणा.”

आता माझा नातू सणसवाडीच्या कारखान्यात आहे. परवा जेवताना म्हणाला, “आज्जी, जर्मनीत आता बिनडायव्हरच्या गाड्या निघाल्यात.” मी म्हटलं, बाळा, तू गपचूप भात खा. त्यांना आत्ता जमायला लागलं असेल.

चारही चाकं मी धुतली. मुराळ्याला पाय चार असावेत का, यावर थोडा वाद झाला, पण घोडीचा दाखला होताच. बोनेटवर केळीच्या पानात पुरणपोळी, वर तुपाची धार. त्या तुपाचा वास वेशीपर्यंत जात होता आणि मामा तिथं उपाशी उभा होता. पण मुराळी तो नव्हता, गाडी होती, त्याला कोण वाढणार? आबांनी चांदणीवर टोपी घातली. मग मानाचा टॉवेल. तो दादांनी स्वतः बांधला, कारण घराच्या इज्जतीचा प्रश्न होता. लाल काठाचा, जाडजूड, चांगला लांबरुंद. गाडीच्या तोंडावरची सगळी जाळी झाकून त्यांनी तो एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत ताणला आणि जीपवर कांद्याची पोती आवळतात ती गाठ मारली. आई मागं बसली, मी पुढं. आणि मग त्या जगप्रसिद्ध गाडीला सगळ्या आळीनं उलट्या तोंडानं वेशीपर्यंत ढकलत नेलं, कारण मामा खाली येणार नव्हता. गड्यांपेक्षा बायका जास्त जोर लावत होत्या. गाडी वर पोचते न पोचते तोच पाठीमागं खोकला ऐकू आला, मग शिंक. दादांची जीप.

“तुम्ही कुठं?” आबांनी विचारलं.

“दौंडात काम हाय.”

“काय काम?”

“त्ये दौंडात गेल्यावर बगू.”

न्हावऱ्यापर्यंत सगळं झकास होतं. सीट अशी मऊ की आई सारखी मागं वळून बघायची, आपण कुणाच्या अंगावर तर बसलो नाही ना. गाडीचा आवाज नाही, हादरा नाही. मागून येणारी जीप मात्र सगळ्या शिवाराला कळवत येत होती. मामा इतिहासातलं पुढचं सांगत होता, शर्यती जिंकल्या, राजे-महाराजे बसले, म्हातारे डॉक्टर लाखो मैल फिरले आणि इंजिनाला पाना लागला नाही. पारगावचा पूल दिसायला लागला आणि बोनेटमधून वाफ निघायला लागली. आधी चहाच्या किटलीएवढी, मग गुऱ्हाळाएवढी. गाडी रस्त्यातच उभी राहिली.

“ही गाडी तापत न्हाई,” मामा वाफेकडं बघत म्हणाला. “हिच्या इतिहासात तापणं न्हाईच.”

दादा जीपमधून उतरले ते मुलगा झाल्यासारख्या चेहऱ्यानं. “का थांबला? माहेर आलं व्हय?” मग त्यांनी पुढं येऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कितीही झालं तरी गाडीवाला माणूस. “आरं येड्या, टॉवेल सोड! वारं लागंना तिला!”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजी?”

“मुराळ्याचा मान वाटंत उतरत न्हाई, दाजी. घरी पोचून आप्पांच्या पायाशी जायचा, मग उतरायचा. रीत तुमचीच हाय.”

“मी बांधलाय, मी सांगतोय, सोड!”

“दिलेला मान माघारी घेता? आमच्या माणसाचा अपमान करता?”

“माणूस कुठं हाय? मोटार हाय ती!”

“सकाळी पाय धुतलं तवा माणूस व्हती!”

पुलावर गाड्या तुंबल्या. उसाचे ट्रॅक्टर, मिरच्यांचा टेम्पो, एक वऱ्हाड. ट्रॅक्टरवाल्यानं दादांची बाजू घेतली, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी मामाची, कारण मान उतरवणं कुणाच्याच मुलखात चालत नव्हतं. भीमेच्या दोन्ही काठांवर मतं पडली. मोटारीला मुराळीपण लागतं की नाही, यावर टेम्पोवाला आणि नवरदेवाचा चुलता हातघाईवर आले. आणि तिकडं दौंडात एक म्हातारा पट्टी बांधून बसलेला, ऊन कलायला लागलेलं. मी मागं बघितलं तर आई गाडीत नव्हती.

ती पुढं उभी होती. चांदणीवरची टोपी काढून तिनं माझ्या हातात दिली. दादांची गाठ सुटेना, तर तिनं ती दातांनी सोडली. टॉवेल झटकला, चौपदरी घडी केली. मग जीपमधला पाण्याचा डबा काढला. जीप रोज तापायची, म्हणून त्यात डबा कायम भरलेला असायचा, ही गोष्ट दादांनी चारचौघांत कधी उघड केली नव्हती. वाफ ओसरेपर्यंत ती कठड्याला टेकून नदीकडं बघत राहिली. मग चुलीवरचं पातेलं उतरवावं तसं तिनं टॉवेलानं रेडिएटरचं टोपण धरून हळूच फिरवलं आणि पाणी ओतलं. दोघं गडी तोंड उघडं टाकून बघत होते. टॉवेल तिनं स्वतःच्या खांद्यावर टाकला.

“मान मी पोचवते,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं बसा आपापल्या गाडीत.”

वऱ्हाडसुद्धा आपापल्या गाडीत जाऊन बसलं.

दौंडात क्वार्टरसमोर आप्पा बाजेवर बसले होते. गाड्यांचा आवाज ऐकून त्यांनी तोंड फिरवलं. आई उतरली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि हात पुढं केला. आप्पांनी तिच्या हाताला हात लावून बघितला, बांगड्या चाचपल्या आणि पट्टी स्वतःच ओढून काढली. डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते पुसत, मिचकावत, ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत, पण त्या बघण्याला मला काही जोडता येत नाही.

“वाळलीस गं,” आप्पा म्हणाले.

आईनं टॉवेल तोंडाला लावला. ती रडली की हसली, ते टॉवेलालाच माहीत. मामा मागं चुळबुळत उभा होता. “आप्पा, गाडी बगा की. जर्मन. तुम्ही अजून बगितलीच न्हाई.”

“बगतोय की,” आप्पा म्हणाले. “त्ये काय, काळी म्हस बांधलीया व्हय रं तिथं?”

दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलावणं गेलं, डोळ्यात औषध पडलं. मामीनं वांग्याचं भरीत केलं, ज्वारीच्या गरम भाकरी, वर कच्चं तेल आणि कांदा. दादांना पहिल्या पंगतीला बसवलं. दौंडातलं त्यांचं काम काय, ते कुणी विचारलं नाही. जेवण होईपर्यंत मामानं त्यांना शेडमधलं इंजिन-तेल कबूल केलं होतं आणि दादांनी मामाला पाण्याचा डबा. दोघं एकाच बाजेवर बसून एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खात होते आणि तरी भांडत होते. मामा म्हणत होता, टॉवेल नसता तर गाडी मुंबईपर्यंत गेली असती. दादा म्हणत होते, मागं जीप नसती तर अजून पुलावर असतास. शेवटी दोघांनाही निकाल हवा होता आणि निकाल देऊ शकेल असं एकच माणूस होतं, ते मोरीवर ताटं घासत होतं.

“सुले, तू सांग,” मामा म्हणाला. “एवढी शंभर वर्सांची नावाजलेली गाडी तुला न्यायला आली. कशी वाटली?”

“आन् जीपचं बी सांग,” दादा म्हणाले. “खरं खरं सांग. घाबरू नगंस.”

आईनं ताट विसळलं, पाणी निथळलं, ते भिंतीला उभं लावलं.

“पुढच्या खेपंला मी यष्टीनं यीन,” ती म्हणाली.